समता : मतपेटीतली आणि मतपेटीबाहेरची

समतेचा विचार फ्रेंच राज्यक्रांतीतून भारतात आला, असे सरसकट मानले जाते. ते अर्धसत्य आहे. १७८९च्या जाहीरनाम्याने माणसे हक्कांनी समान असल्याचे घोषित केले खरे. पण त्याच फ्रान्समध्ये स्त्रियांना मताधिकार मिळण्यास १९४४ साल उजाडावे लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तर स्वातंत्र्य, समता व बंधुता ही त्रयी आपण बुद्धाच्या शिकवणीतून घेतल्याचे १९५४ मध्ये आकाशवाणीवर स्पष्ट केले होते. महात्मा फुले यांचा १८७३चा सत्यशोधक समाज आणि राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्ये कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी राखून ठेवलेल्या निम्म्या सरकारी जागा, या त्याच विचाराच्या एतद्देशीय पायऱ्या होत.

घटना समितीने या विचाराला कायद्याचे बळ दिले. १९४६ मध्ये तिचे बहुतांश सदस्य निवडणाऱ्या प्रांतिक विधिमंडळांचा मतदार मालमत्ता, शिक्षण अशा निकषांवर ठरत असे. मर्यादित मताधिकारातून आलेल्या या समितीने सार्वत्रिक प्रौढ मताधिकार स्वीकारला. १९५१-५२च्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदारांची नोंद झाली. त्यांतील बहुसंख्य निरक्षर होते.

मतपेटीबाहेरची समता मात्र इतकी सहजसाध्य नव्हती. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हा अंतर्विरोध लोकशाहीच्या मुळावर येईल, असा इशारा आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजीच दिला होता. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मद्रास प्रांताचा जातवार प्रवेशांचा आदेश मूलभूत हक्कांच्याच आधारे रद्दबातल ठरवला, तेव्हा संसदेला त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती करावी लागली. १९९२ची पन्नास टक्क्यांची मर्यादा, २०१९चे आर्थिक निकषावरील आरक्षण आणि २०२४ मधील अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा निकाल, हे त्याच वादाचे पुढील टप्पे.

या साऱ्या वादांत एक गोष्ट नजरेआड होते. मूलभूत हक्कांसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येते. उत्पन्नातील विषमता कमी करण्याचे कर्तव्य १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३८ मध्ये घातले गेले. पण ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. ती जबाबदारी सर्वस्वी संसदेची आणि विधिमंडळांची. आरक्षणाच्या टक्केवारीवर सभागृहे दणाणून सोडणाऱ्या पक्षांनी शाळा, जमीन आणि रोजगार यांच्या विषम वाटणीवर तितकाच वेळ दिला, तरच आंबेडकरांच्या त्या इशाऱ्याला उत्तर दिल्यासारखे होईल.