घरचें आरोग्य : किडलेल्या दांतांत काय भरावें?

एका वाचक भगिनीनें आम्हांस कळविलें आहे कीं, त्यांच्या घरीं सहा वर्षांच्या मुलाची एक दाढ किडली आहे व सासूबाईंच्या दांतांना मुळाशीं कीड लागली आहे. ‘दोघांच्याही दांतांत चांदी भरून घ्यावी’ असें वडील मंडळींचें म्हणणें. तर उत्तम पदार्थ कोणता, हें आम्हीं सांगावें. पत्राच्या शेवटीं एक ओळ आहे : ‘माझीही दाढ ठणकते, पण मला पांचवा महिना असल्यानें ती बाळंतपणानंतर पाहूं असें ठरलें आहे.’ आमच्या मतें या पत्रांतील सर्वांत महत्त्वाची ओळ हीच होय. तिचा विचार पुढें करूं.

तोंडांतील सूक्ष्म जंतु साखरेपासून आम्ल तयार करितात व त्या आम्लानें दांत पोखरतो. एकदां पडलेली पोकळी आपोआप भरून येत नाहीं. लवंगेच्या तेलानें ठणका थांबतो, कीड थांबत नाहीं. आणि ती आंतील जिवंत गाभ्यापर्यंत पोंचली म्हणजे नुसतें भरणें पुरेसें होत नाहीं.

भरावयाच्या पदार्थांत ‘चांदी’ सर्वांच्या परिचयाची. वस्तुतः तिच्यांत सुमारें निम्मा पारा असून, बाकीचा भाग चांदी, कथील व तांबें यांचा असतो. चावण्याचा भार ती वर्षानुवर्षें सोसते, हें तिचें श्रेय नाकारतां येणार नाहीं. परंतु २०१३ सालच्या मिनामाता करारानें पाऱ्यामुळें तिचा वापर कमी करण्याचें ठरविलें, व युरोपीय संघानें १ जानेवारी २०२५ पासून, वैद्यकीय निकड वगळतां, ती बंद केली. मात्र ज्यांच्या दाढेंत जुनी चांदी सुस्थितींत आहे त्यांनीं घाबरून ती उकरून काढवूं नये; उकरतांनाच पाऱ्याची वाफ अधिक सुटते व निरोगी दांतही कांहींसा झिजतो.

दांताच्या रंगाचें जें भरण आज बहुधा दिसतें तें कॉम्पोझिट. कांचेसारखी बारीक पूड कृत्रिम राळेंत मिसळून तें करितात, व निळ्या प्रकाशाखालीं तें कांहीं सेकंदांत घट्ट होतें. आम्ल लावून दांताचा पृष्ठभाग खरखरीत केला असतां राळ त्यास घट्ट धरते, हें अमेरिकेंतील ब्युनोकोर यांनीं १९५५ सालीं दाखविलें. त्यामुळें भरण अडकविण्यासाठीं निरोगी दांत फार कोरावा लागत नाहीं. पण काम चालू असतां दांत अगदीं कोरडा राहिला पाहिजे, आणि वेळ व खर्चही अधिक लागतो.

तिसरा पदार्थ ग्लास आयोनोमर. यासच लोक ‘सिमेंट’ म्हणतात. हें दांतास स्वतः चिकटतें व थोडें थोडें फ्लोराइड सोडीत राहतें. मात्र चावण्याच्या भारानें लवकर झिजतें. पोकळी फारच मोठी असेल तर सोन्याचा अथवा चिनी मातीच्या जातीचा तुकडा मापानें घडवून बसवितात; तें काम टिकाऊ, पण महाग.

आतां त्या घराकडे वळूं. सासूबाईंच्या मुळाशीं लागलेल्या किडीस सिमेंट बहुधा सोयीचें. तेथें चावण्याचा भार कमी व ओलावा अधिक असतो. मुलाच्या बाबतींत, दुधाची दाढ ‘पडणारच आहे’ म्हणून सोडूं नये. मागच्या दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत टिकावयाच्या असतात. त्या अकालीं गेल्या तर शेजारचे दांत जागा बळकावतात. लहान पोकळीस सिमेंट किंवा कॉम्पोझिट चालेल. कीड पसरली असल्यास पोलादी टोपी अधिक टिकते. परंतु ती दाढ दुधाचीच आहे ना, हें आधीं पाहावें. सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांच्या मागें, एकही दांत न पडतां, पहिली कायमची दाढ उगवते, आणि दुधाची समजून पुष्कळ घरीं ती किडूं दिली जाते.

राहतां राहिली ती शेवटची ओळ. गरोदरपणीं दांतांचे उपचार करूं नयेत ही समजूत चुकीची आहे. ते केव्हांही करतां येतात. चौथ्या ते सहाव्या महिन्यांत खुर्चीवर बसणेंही सोयीचें जातें. तेवढी जागा बधिर करण्याचें नेहमींचें औषध चालतें. दंतवैद्यास दिवस सांगावे, म्हणजे पाऱ्याची चांदी तो टाळील. उलट किडलेली दाढ चार महिने तशीच ठेवली तर गळूं होऊन ताप येण्याचा संभव, व तान्हें मांडीवर असतां दवाखान्याचे हेलपाटे निश्चित.

म्हणून वडील मंडळींस आमची विनंती आहे कीं, चांदी कीं सिमेंट हा वाद दंतवैद्यावर सोंपवावा, आणि याच आठवड्यांत तिघांनाही दाखवून आणावें. त्यांतही पहिली पाळी सुनेची असावी.