पहिला बळी प्रश्नोत्तराच्या तासाचा

लोकसभेचे कामकाज सकाळी ११ वाजता सुरू होते आणि पहिला तास प्रश्नांचा असतो. गोंधळही नेमका त्याच वेळी होतो. सदस्य फलक घेऊन हौद्यात उतरतात, कामकाज तहकूब होते आणि ज्या मंत्र्यांची त्या दिवशी पाळी असते, ते सुटकेचा निःश्वास टाकतात.

दिवसाला २० तारांकित प्रश्न असतात. मंत्र्यांची खरी कसोटी लागते ती उपप्रश्नांना. तहकुबी झाली की उत्तरे लेखी स्वरूपात पटलावर ठेवली जातात. उपप्रश्न मात्र बुडतो. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीचे प्रकरण लोकसभेतच उघडे पडले. मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी चौकशी केली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. हे प्रकरण लावून धरणारे फिरोझ गांधी सत्ताधारी पक्षाचेच होते, हे विशेष!

राज्यसभेने नोव्हेंबर २०१४ मध्ये हा तास दुपारी १२ वाजता नेला. गोंधळानेही आपले वेळापत्रक बदलले. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात तर कोरोनाच्या कारणास्तव तो वगळण्यातच आला.

तहकुबीने सरकारची कोंडी होते, हा विरोधकांचा समज तपासून पाहण्याजोगा आहे. मार्च २०१८ मध्ये लोकसभेत गदारोळ चालू असतानाच वित्त विधेयक चर्चेविना मंजूर झाले होते.