टाके नाहीत, पण...

"टाके नाहीत, एक-दोन दिवसांत घरी!" हे ऐकलं की आपण अर्धे तिथेच बरे होतो. स्वादुपिंडाची नळी खड्यांनी तुंबली की हल्ली बहुधा हेच ऐकायला मिळतं. तोंडातून दुर्बीण थेट लहान आतड्यापर्यंत नेतात, तिथून नळीत बारीक तार सरकवतात, खडे काढतात आणि अरुंद जागी प्लॅस्टिकचा स्टेंट बसवतात. खडा मोठा असला तर आधी बाहेरून शॉकवेव्हचे धक्के देऊन त्याचा चुरा करतात, मुतखड्याचा करतात तसाच. तंत्र म्हणून थक्क करणारंच आहे, वाद नाही.

पण प्लॅस्टिकचा स्टेंट स्वतःच तुंबतो. मग तो काही महिन्यांनी बदला. आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या एका काकांच्या सव्वा वर्षात पाच खेपा झाल्या. दर वेळी उपाशी पोट, भूल, मुलाची रजा आणि बिल. शिवाय दुर्बिणीच्या उपचारानेच स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका दर वेळी नव्याने. या पाच खेपांत ऑपरेशनचा शब्दही कोणी काढला नाही. पाच वेळा 'छोटीशी प्रोसिजर' म्हणजे छोटं कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

नेदरलँड्समध्ये हे दोन्ही मार्ग समोरासमोर ठेवून पाहिले गेले. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रुग्ण फक्त 39 होते, पण दोन वर्षांनी दुखणं कमी झालेले दुर्बीणवाल्यांत 32 टक्के आणि ऑपरेशनवाल्यांत 75 टक्के निघाले. उपचारांच्या खेपा? दुर्बीणवाल्यांच्या साधारण आठ, ऑपरेशनवाल्यांच्या तीन. 2020 साली तिथल्याच 88 रुग्णांच्या अभ्यासातही लवकर ऑपरेशन झालेल्यांचं दुखणं सरासरीने कमी राहिलं. या ऑपरेशनात नळी लांबीच्या दिशेने उघडून तिला लहान आतड्याचं वेटोळं जोडतात. मोठं ऑपरेशन आहे, हेही खरंच.

म्हणून दुर्बीण वाईट असं मी म्हणत नाहीये. वय झालेलं, हृदय कमजोर, किंवा एखाद-दुसराच खडा असेल तर मीही तीच निवडेन. युरोपातल्या एन्डोस्कोपी तज्ज्ञांच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनाही आधी दुर्बीणच सांगतात. पण पुढचं वाक्य आपल्याकडे गळतं : सहा ते आठ आठवड्यांत फरक पाहा, समाधानकारक नसेल तर सर्जनसह सगळ्यांनी पुन्हा बसून ठरवा.

तेव्हा पहिला स्टेंट बसवतानाच विचारून ठेवावं, "डॉक्टर, किती खेपांनंतर आपण सर्जनला दाखवणार?" आणि नीट उत्तर मिळालं नाही, तर सीटी स्कॅनच्या फिल्म घेऊन सरळ स्लो लोकलने परळ गाठावं. केईएममध्ये पोटाचे फिजिशियन आणि पोटाचे सर्जन, दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. रांग मोठी असते, डबा बरोबर घ्या... अर्थात ज्याला खाता येतं त्याच्यासाठी!