घाईची पदवी आणि ऐकण्याची विद्या

रुग्णाची कहाणी लक्षपूर्वक ऐकणे हा उपचाराचाच भाग होय, या विचारातून डॉ. रीटा शॅरॉन यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ‘कथनाधारित वैद्यक’ ही ज्ञानशाखा उभी केली. २००९ मध्ये तेथे तिचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. अमेरिकेत आता शीघ्र मार्गही निघाला आहे: पदवीचे शिक्षण चालू असतानाच अर्ज करावा, काही पदव्युत्तर विषय त्याच काळात पुरे करावेत आणि वेळ व फी वाचवावी.

कर्ज काढून शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा हिशेब क्षुल्लक नव्हे. परंतु अर्थशास्त्र केवळ बचत पाहत नाही. तिच्यापायी काय सोडावे लागले, हेही विचारते. येथे सुटतो तो अनुभव. स्वतः शॅरॉन आधी डॉक्टर झाल्या. इंग्रजी साहित्यातील डॉक्टरेट त्यांनी पुढे १९९९ मध्ये मिळवली. शिवाय ही पदवी वैद्यकीय व्यवसायाचा परवाना देत नाही. तिचे मोल ऐकण्याच्या सामर्थ्यातच आहे.

म्हणून विद्यार्थ्याने काही महिने रुग्णसेवा करून मगच अर्ज करावा, आणि विद्यापीठांनीही प्रवेश देताना गुणांइतकेच वजन त्या सेवेला द्यावे. विद्यार्थ्याचे एक वर्ष अवश्य वाचावे. मात्र त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागू नये.