ज्युबिलीचे द्वार आणि हक्कसोडपत्र

६ जानेवारी २०२६ रोजी, प्रभुप्रकटीकरणाच्या सणाच्या दिवशी, पोप लिओ चौदावे यांनी रोममधील संत पेत्राच्या महामंदिराचे पवित्र द्वार बंद केले आणि आशेचे यात्रेकरू या ब्रीदाखाली सुरू झालेल्या ज्युबिली वर्षाची सांगता झाली. २४ डिसेंबर २०२४ च्या रात्री पोप फ्रान्सिस यांनी हे द्वार उघडले होते. वर्ष पुरे होण्याआधीच, २१ एप्रिल २०२५ रोजी, त्यांना देवाज्ञा झाली. तीन कोटींहून अधिक यात्रेकरू त्या काळात रोमला गेले. ज्यांना रोम शक्य नव्हते त्यांनी आपापल्या धर्मप्रांतातील नेमलेल्या चर्चना भेट दिली, कुमशार केला, पोप महोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना केली. आमच्याही धर्मग्रामांतून बसगाड्या भरून भाविक गेले. या भक्तीविषयी आम्हांला आदरच आहे.

तथापि वर्ष संपल्यावर मागे वळून पाहताना एक गोष्ट आम्हांला टोचत राहते. ज्युबिलीचा उगम ज्या शास्त्रपाठात आहे, त्या लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायावर आम्ही धर्मगुरूंनी वर्षभर प्रवचने केली. मनाची मुक्ती, पापांची क्षमा, नवी सुरुवात असे त्याचे अर्थ सांगितले. ते अर्थ चुकीचे नाहीत. पण तो अध्याय उघडून वाचला तर त्यात प्रामुख्याने जमीन आहे. पन्नासाव्या वर्षी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, शिंग फुंकावे आणि प्रत्येकाने आपल्या वतनाकडे व आपल्या कुळाकडे परतावे, अशी ती आज्ञा आहे. जमीन कायमची विकायची नाही, कारण ती देवाची आहे आणि आपण तिच्यावर राहणारे उपरे आहोत, असे कारणही तेथे दिले आहे. हा नियम प्राचीन इस्राएलात कितपत पाळला गेला याविषयी बायबलचे अभ्यासक साशंक आहेत. परंतु देवाने क्षमा आणि शेताचा बांध एकाच अध्यायात ठेवले, हे तर कोणी नाकारू शकत नाही.

ज्युबिली वर्षातील एका रविवारी मिस्सानंतर एक भगिनी आमच्याकडे आल्या. वय साठीच्या जवळपास, लग्नाला तीस-पस्तीस वर्षे झालेली. वडिलांच्या पश्चात वाडीच्या सातबाऱ्यावर भावांच्या बरोबरीने त्यांचे व बहिणीचे नाव लागले होते. आता भावांनी हक्कसोडपत्र तयार केले होते आणि निबंधकाच्या कार्यालयात जायची तारीखही ठरली होती. त्यांनी विचारले, "फादर, सही केली नाही तर माझं माहेर तुटेल. आणि केली तर मनाला पटत नाही. मी काय करू?" आम्ही त्यांना प्रार्थना करण्यास सांगितले, आशीर्वाद दिला आणि पुढच्या कामाला लागलो. संध्याकाळी आमच्या लक्षात आले की, त्यांनी शास्त्राचा प्रश्न विचारला होता आणि आम्ही तो टाळला होता.

प्रथम कायदा पाहू, कारण अनेक ख्रिस्ती कुटुंबांनाच तो ठाऊक नसतो. आपल्याकडे ख्रिस्ती माणसाच्या वारसाहक्काला भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. मृत्युपत्र न करता पिता वारला, तर एक तृतीयांश वाटा विधवेचा आणि उरलेला दोन तृतीयांश मुलांचा. मुलगा व मुलगी यांत कायदा फरक करीत नाही. समजा, वडील ३६ गुंठ्यांची वाडी ठेवून गेले, मागे पत्नी, दोन मुलगे व दोन मुली आहेत. पत्नीला १२ गुंठे आणि प्रत्येक अपत्याला ६ गुंठे, इतका हा सरळ हिशेब आहे. मृत्युपत्राने मात्र पित्याला आपली मालमत्ता हवी त्याला देता येते. (गोव्यातील रीत निराळी. तिथे पोर्तुगीज परंपरेच्या कायद्यानुसार निम्म्या मालमत्तेवर मुलांचा राखीव हक्क असतो आणि तो मृत्युपत्रानेही सहसा डावलता येत नाही.)

"तिच्या लग्नात दागिने घातले, खर्च केला, तिचा वाटा तेव्हाच दिला," हे वाक्य प्रत्येक वाटणीच्या बैठकीत ऐकू येते. याच अधिनियमाच्या ४९ व्या कलमाने त्याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. मृत्युपत्र नसेल तेव्हा पित्याने हयातीत एखाद्या अपत्याला जे दिले, ते त्याच्या वाट्यातून वजा करायचे नाही. शिवाय भावाच्या शिक्षणाचा, त्याच्या परदेशच्या तिकिटाचा खर्च त्या बैठकीत कोणी मोजत नाही, हेही ओघाने सांगितले पाहिजे.

वसईसारख्या भागात हा प्रश्न आता अधिक तीव्र झाला आहे. ज्या वाडीत केळी, पानवेल आणि भाजीपाला होत असे, तिची किंमत पिकावर नव्हे तर इमारतीवर ठरते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन आणि विरार-अलिबाग महामार्ग यांसाठी भूसंपादन झाले, तेव्हा नुकसानभरपाईच्या कागदांवर सर्व वारसांच्या सह्या लागल्या. वर्षानुवर्षे ज्या बहिणीची आठवण केवळ सणाला होत असे, तिच्या दारात अचानक भाऊ पेढे घेऊन उभा राहिला. सही झाली की तिचे नाव सातबाऱ्यावर कंसात जाते.

पवित्र शास्त्रात अशा बहिणी आहेत. गणना पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर, याजकासमोर आणि सर्व मंडळीसमोर उभ्या राहिल्या. वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांचे नाव कुळातून पुसले जावे काय, आम्हांला वतन द्या, अशी त्यांची मागणी होती. मोशेने त्यांना घरी जाऊन प्रार्थना करण्यास सांगितले नाही. त्याने त्यांचे प्रकरण परमेश्वरापुढे नेले आणि परमेश्वराने त्यांचे म्हणणे रास्त ठरवले. त्या भाऊ नसलेल्या मुली होत्या, हे खरे. आजच्या अर्थाने समान हक्काचा तो कायदा नव्हे. पुढे ३६ व्या अध्यायात कुळातील पुरुषांनी आपला आजचाच आक्षेप घेतला: मुली परक्या घरी गेल्या तर जमीन जाईल. तेव्हा त्यांनी आपल्याच वंशात विवाह करावा अशी अट आली, पण दिलेले वतन काढून घेतले गेले नाही. यहोशवाच्या काळात ते त्यांच्या पदरात पडले. आणि ईयोबाच्या पुस्तकाच्या अखेरीस त्या सत्पुरुषाने आपल्या मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन दिल्याची नोंद आहे. भाऊ होते, तरीही.

आता शुभवर्तमानाकडे वळू. लूकच्या १२ व्या अध्यायात गर्दीतील एक जण येशूला विनवतो की, माझ्या भावाला वतनाची वाटणी करण्यास सांगा. येशू तो न्यायनिवाडा करण्यास नकार देतो. हा पाठ ३ ऑगस्ट २०२५ च्या रविवारी, ऐन ज्युबिलीत, सर्वत्र वाचला गेला. आम्ही धर्मगुरू वाटणीच्या भांडणातून अंग काढून घेण्यासाठी याच ओवीचा आडोसा घेतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु येशू नकार देऊन गप्प बसला नाही. त्याने लगेच लोभाचे नाव घेतले आणि कोठारे मोठी करणाऱ्या श्रीमंताचा दाखला सांगितला. मूळ ग्रीकमध्ये तेथे प्लेओनेक्सिया हा शब्द आहे. आपल्या वाट्याहून अधिक हवे असणे, असा त्याचा शब्दशः अर्थ. न्यायाधीश होणे नाकारून त्याने उपदेशक होणे सोडले नाही. आम्ही मात्र दोन्ही सोडतो.

केरळमध्ये याची किंमत मोठी पडली. त्रावणकोरच्या १९१६ च्या कायद्यानुसार मृत्युपत्र नसल्यास सिरियन ख्रिस्ती मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांतील जे कमी असेल ते मिळे. शिक्षिका मेरी रॉय यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९८६ मध्ये १९२५ चा अधिनियमच लागू असल्याचा निकाल लागला. त्या निकालाला विरोध करणाऱ्यांत चर्चमधील पुढारीही होते. मेरी रॉय यांच्या हाती प्रत्यक्ष हिस्सा येण्यास पुढे दोन दशकांहून अधिक काळ लागला. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. जे एका शिक्षिकेला न्यायालयातून मिळवावे लागले, ते आपल्याकडे पहिल्यापासून कायद्यातच होते. तरीही आपण ते सह्या घेऊन परत घेतो.

प्रत्येक हक्कसोडपत्र अन्यायाचे असते, असे आमचे म्हणणे नाही. आजारी आईवडिलांची सेवा एका भावाने व वहिनीने केली म्हणून बहिणींनी आनंदाने हक्क सोडल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. तिला कागद वाचून दाखवला होता का, वाट्याची किंमत सांगितली होती का आणि ती नाही म्हणू शकत होती का, एवढेच विचारावे लागते. वाडी कसणाऱ्या भावाची अडचणही खरी आहे. ६ गुंठ्यांत संसार चालत नाही, आणि एका विहिरीचे चार तुकडे होत नाहीत. इथेही लेवीयाचा तोच अध्याय उपयोगी पडतो. ज्युबिलीपर्यंत किती पिके निघतील ते मोजून जमिनीचे मोल ठरवा, असे तेथे सांगितले आहे. वाटा म्हणजे जमीनच असली पाहिजे असे नाही. कसणाऱ्याने जमीन ठेवावी आणि बहिणीला हप्त्याहप्त्याने मोल द्यावे, अथवा मूळ घरातील एक खोली तिच्या नावे राहावी. कुटुंबे मनात आणतील तर मार्ग निघतात.

धर्मग्रामांना काही गोष्टी आजही करता येतील. विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गात वारसा कायद्यासाठी एक तास ठेवता येईल. धर्मग्रामातील ख्रिस्ती वकिलांनी महिन्यातून एक संध्याकाळ दिली, तर सही करण्यापूर्वी बहिणीला कागद समजून घेता येईल. लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठकीत गणना २७ वाचता येईल. तो उतारा रविवारच्या पाठांत येत नाही, त्यामुळे बहुसंख्य भाविकांनी तो कधी ऐकलेलाच नाही. आणि भेट वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करण्याची मत्तयच्या ५ व्या अध्यायातील आज्ञा बहिणीलाही लागू आहे, हे आम्ही धर्मगुरूंनी प्रवचनपीठावरून एकदा तरी म्हणावे.

त्या भगिनींना आम्ही नंतर निरोप पाठवून बोलावले, त्यांच्या थोरल्या भावालाही बोलावले आणि तिघांनी बसून गणनेचा तो अध्याय वाचला. भाऊ फारसे बोलले नाहीत. चहा न घेताच गेले. नोंदणीची तारीख मात्र पुढे ढकलली गेली, आणि गेल्या आठवड्यात त्या भगिनी सांगत होत्या की, दादाने वाडीची मोजणी मागवली आहे आणि त्या दिवशी दोन्ही बहिणींना हजर राहायला सांगितले आहे.