आधी कॉम्प्रेशन, मग बोलणी

जुनी माझदा आरएक्स-८ घ्यायची इच्छा कुणी बोलून दाखवली की जाणकारांच्या दोन फळ्या पडतात. पहिली म्हणते, रोटरी इंजिन म्हणजे पांढरा हत्ती. तेल पितं, पेट्रोल पितं आणि एक दिवस आपल्याला रस्त्यात सोडतं. दुसरी फळी भक्तांची. तिच्या मते इंजिन निर्दोष आहे, खोट असते ती मालकांत. माझ्या मते दोघेही भलत्याच प्रश्नावर भांडताहेत. ‘रोटरी टिकतं का?’ या प्रश्नाचा गिऱ्हाइकाला काही उपयोग नाही. समोर उभ्या असलेल्या या गाडीचं कॉम्प्रेशन आज किती आहे, हे त्याने विचारावं. उत्तर आकड्यांत मिळतं. आकडे चांगले असतील तर गाडी खुशाल घ्यावी.

भारतात ही गाडी विक्रीला आलीच नाही. आपल्याला माझदा हे नाव माहीत आहे ते स्वराज माझदाच्या मिनीबसमुळे. पण अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये नोकरीला असलेल्या आपल्या एखाद्या हौशी इंजिनिअरला ही चार दारांची स्पोर्ट्स कार बऱ्यापैकी स्वस्तात मिळते, आणि ती इतकी स्वस्त का, या विचाराने त्याची झोप उडते.

आधी पहिल्या फळीचं म्हणणं, तेही तिच्या पूर्ण ताकदीनिशी. रोटरीची बदनामी माझदापासून सुरू झाली नाही. जर्मनीच्या एनएसयू कंपनीने १९६७ साली रो ८० ही गाडी आणली आणि ती १९६८ची युरोपातली ‘कार ऑफ द इयर’ ठरली. मात्र रोटरच्या टोकांवरची सील, म्हणजे एपेक्स सील, लवकर झिजू लागली. कंपनी वॉरंटीत इंजिनं बदलून देत राहिली. रो ८०चे दोन मालक रस्त्यात समोरासमोर आले की आपली किती इंजिनं बदलून झाली ते बोटांनी एकमेकांना दाखवत, असा किस्सा आजही सांगितला जातो. १९६९ साली एनएसयू फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली. हे सगळं खरं आहे. पण त्याच १९६७ साली हिरोशिमाच्या माझदाने कॉस्मो स्पोर्ट बाजारात आणली होती. केनिची यामामोटो यांच्या हाताखालच्या इंजिनिअरांना सिलच्या थरथरीमुळे रोटरभोवतीच्या कवचावर, म्हणजे हाउसिंगवर, उमटणारे ओरखडे सतावत होते. ‘सैतानाची नखं’ म्हणत ते त्यांना. कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मिसळून केलेल्या सिलने तो प्रश्न आटोक्यात आला. त्यानंतर २०१२ साली शेवटची आरएक्स-८ बाहेर पडेपर्यंत माझदा रोटरी गाड्या बनवत राहिली. एनएसयूच्या पापाचा हिशोब आरएक्स-८च्या खात्यावर मांडणं योग्य नाही.

आता भक्त. त्यांचा ठेवणीतला पुरावा म्हणजे १९९१ची ल मां शर्यत. माझदाची चार रोटरची ७८७बी तिथे चोवीस तास पळून पहिली आली, आणि नंतर उघडलं तेव्हाही इंजिन सुस्थितीत होतं. या उदाहरणाने काही सिद्ध होत नाही. सतत गरम राहून चढ्या फेऱ्यांवर एकसारखं पळत राहणं हे रोटरीच्या फार आवडीचं काम. तिला मारक ठरतो तो बाजारहाट: थंड इंजिन सुरू करायचं, दोन गल्ल्या ओलांडायच्या आणि गाडी बंद करायची. त्यासाठी मालकाला बोल लावावा, तर ज्या गाडीला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नेणं हाच गैरवापर ठरतो, तिच्या रचनेत काहीतरी उणं आहे हे मान्य करायला हवं. कंपनीने ते मान्य केलंही. अमेरिकेत २००४ ते २००८ मॉडेलांच्या मूळ इंजिनाची वॉरंटी वाढवून आठ वर्षं किंवा एक लाख मैल करण्यात आली. २००९च्या सुधारित गाडीत प्रत्येक रोटरला तेल देणाऱ्या दोन नोझलच्या जागी तीन आली. सगळे मालकच नालायक असते, तर माझदाने हा खर्च कशाला केला असता?

खरा दोष कसा वाढत जातो तेही समजून घ्यायला हवं. या १.३ लिटरच्या इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग बेल्ट नाही. दोन त्रिकोणी रोटर आणि त्यांना धरणारा एक शाफ्ट, एवढाच फिरता पसारा. पण जिथे पेट्रोल पेटतं ती जागा लांबट आणि चपटी असल्यामुळे ज्योत सगळीकडे नीट पोचत नाही. म्हणून प्रत्येक रोटरला दोन प्लग, आणि प्रत्येक प्लगला आपली कॉइल. या कॉइल लवकर थकतात. कॉइल थकली की इंजिन मिसिंग मारतं, न जळलेलं पेट्रोल सिलवरचा तेलाचा थर धुऊन काढतं आणि पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं. कन्व्हर्टर वितळून चोंदला की उलटी उष्णता इंजिनावर येते. मग सील गेलीच. दोष सुरू झाला कॉइलपासून, आणि नाव खराब झालं एपेक्स सिलचं! तेल पिण्याचा आरोप तर निकालातच काढावा: सील ओली राहावीत म्हणून हे इंजिन मुद्दाम थोडं तेल आत सोडून जाळतं. ज्याला डिपस्टिक बघायचा कंटाळा आहे त्याने दुसरी गाडी बघावी.

गिऱ्हाइकाला सगळ्यात जास्त फसवतो तो मात्र रनिंगचा आकडा. जाहिरातीत ‘फक्त तीस हजार मैल’ दिसलं की लोक धावतात. दहा-पंधरा वर्षांत एवढीच चाललेली आरएक्स-८ बहुधा छोट्या फेऱ्यांचीच असते. तिच्यात कार्बन साठलेला असतो, सील चिकटलेली असतात. उलट ज्या जाहिरातीत ‘इंजिन बदललं आहे’ असं लिहिलेलं असतं, तिथे लोक नाक मुरडतात. बिलं दाखवली जात असतील तर मी तरी तीच गाडी आधी पाहीन.

आता मंडन. रोटरीची तब्येत बाहेरून मोजता येते, आणि तिच्या बाजूने मी देतो ती सगळ्यात मोठी साक्ष हीच. रोटरला तीन बाजू आहेत, प्रत्येकीचं कॉम्प्रेशन वेगळं. साध्या मेकॅनिकचा गेज तिघींतला सगळ्यात चांगला आकडा धरून ठेवतो आणि मेलेली बाजू लपवतो. म्हणून रोटरीचा खास टेस्टरच हवा. दोन्ही रोटरचे मिळून सहा आकडे, इंजिन गरम असताना, मिनिटाला २५० फेऱ्यांच्या हिशोबाने घ्यायचे. माझदाची किमान मर्यादा ६.९ (किलो प्रति चौरस सेंटिमीटर) आहे. सहाही आकडे आठच्या आसपास आणि एकमेकांना धरून असतील तर इंजिन धडधाकट. टेस्टर मिळेपर्यंत घरगुती परीक्षा अशी: गाडी चांगली गरम करा, बंद करा, दहा मिनिटं थांबा, मग सेल्फ मारा. थंड असताना चटकन सुरू होणारं थकलेलं इंजिन इथे पकडलं जातं. गाडी दाखवताना ती बंदच करायला तयार नसलेला विक्रेता भेटला, तर कारण ओळखावं.

आता एक तुलना. आरएक्स-८च्या आसपासच्या काळातल्या पोर्श बॉक्स्टर आणि ९९६ पिढीतल्या ९११ मध्ये मधल्या शाफ्टचं एक बेअरिंग असतं. बहुतेकदा कसलीही चाहूल न देता ते तुटतं आणि अख्खं इंजिन घेऊन जातं. तरी पोर्शला कुणी ‘हात लावू नका’ म्हणत नाही. लोक बेअरिंगची चौकशी करून गाडी घेतात. रोटरी तर कित्येक महिने आधी कुरकुर करून सांगते. तिच्या वाट्याला सरसकट बहिष्कार का?

अर्थात घरात हीच एकुलती गाडी असेल आणि रोज दोन मैलांवर ऑफिस असेल, तर माझं सगळं मंडन मी मागे घेतो. ॲव्हरेजही लिटरला सात-आठ किलोमीटरच्या पुढे फारसं जात नाही. ही आठवड्याला एकदा मोकळ्या रस्त्यावर नेऊन ९००० फेऱ्यांच्या लाल रेषेपर्यंत ताणायची गाडी आहे. पुढच्या चाकांच्या मागे बसवलेलं ते छोटं इंजिन वळणावर काय करतं, हे स्टिअरिंग हातात घेतल्याशिवाय कळायचं नाही.

आकडा ६.९च्या खाली आला म्हणून गाडी भंगारात गेली असंही नाही. बॉडी, गिअरबॉक्स, सस्पेन्शन शाबूत असेल तर रोटरीचं काम जाणणाऱ्या गॅरेजकडून इंजिन नव्याने बांधण्याचा लेखी अंदाज घ्यावा आणि तेवढी रक्कम मागितलेल्या किमतीतून वजा करावी. कित्येकदा बाकी फार थोडी उरते. विक्रेता भडकतो, गाडी मस्त चालतेय म्हणतो. टेस्टचे पैसे आपण देऊ म्हणावं. तरीही नको म्हणाला तर पुढची जाहिरात पाहावी.