स्पर्शपटल घ्यावे, पण लेखणीसह

दहावी-बारावीचे निकाल लागले की मध्यमवर्गीय घरांत लॅपटॉप खरेदीचा विषय निघतो. हल्ली त्यात 'टचस्क्रीन घ्यायचा की साधा?' या प्रश्नाची भर पडली आहे. विक्रेता बोटाने छायाचित्र लहान-मोठे करून दाखवतो, मुले हरखतात आणि वडील पाकिटाकडे हात नेतात. चार महिन्यांनी पटलावर बोटांचे ठसे तेवढे उरतात. काम कळफलकावरच चाललेले असते. यात नवल नाही. समोर उभ्या पटलापर्यंत हात पुन्हा पुन्हा उचलला की खांदा अवघडतो. शिवाय किंमत अधिक, आणि बॅटरीही थोडी लवकर संपते. नुसते बोट फिरवण्यासाठी एवढा खर्च म्हणजे निव्वळ हौस.

मात्र पटल मागे पूर्ण दुमडत असेल आणि सोबत स्टायलस, म्हणजे पटलावर लिहिणारी लेखणी असेल, तर गोष्ट निराळी. गणिताची पायरी किंवा भूमितीची आकृती कळफलकावर उतरवणे हा द्राविडी प्राणायाम. हाताने ती क्षणात उमटते. प्रस्तुत लेखकाची उमेदीची वर्षे लाल शाईने मुद्रिते तपासण्यात गेली. त्याच खुणा आता पटलावर करता येतात.

नॉर्वेतील संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३६ विद्यार्थ्यांच्या मेंदूतील हालचाली नोंदवल्या. कळा दाबण्यापेक्षा हाताने लिहिताना मेंदूचे विविध भाग परस्परांशी अधिक जोडले गेल्याचे आढळले. विशेष म्हणजे हे लेखन कागदावर नव्हते, डिजिटल लेखणीने स्पर्शपटलावरच केलेले होते.

आमच्या दृष्टीने खरा प्रश्न मराठीचा आहे. आज आपली मुले मराठी लिहितात ती बहुधा रोमन अक्षरांतून. यंत्र शब्द सुचवते, मूल त्यावर बोट ठेवते. वेलांटी पहिली की दुसरी, 'न' की 'ण', हा निर्णय मुलाने घेतलेलाच नसतो. हाताने लिहिताना तो घ्यावाच लागतो. भारतीय लिप्यांसाठी बनलेला इन्स्क्रिप्ट कळफलक १९८० च्या दशकापासून उपलब्ध आहे. पण तो मुलांना शिकवणारी घरे किती? (शाळांविषयी न बोललेलेच बरे.) मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण पेढे वाटले. त्याच पेढ्यांच्या शुभेच्छा कित्येकांनी रोमन लिपीत पाठवल्या!

लेखणीने चालणारे स्वस्त यंत्र ही कल्पना आपल्याला परकी नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांच्या पुढाकाराने २००१ मध्ये 'सिम्प्युटर' साकारला. हाताच्या तळव्यावर मावणारा, लेखणीने चालणारा, भारतीय भाषांतून बोलू शकणारा. अपेक्षेच्या मानाने तो फारच थोडा विकला गेला. पुढे २०११ मध्ये शासनाने गाजावाजा करून आणलेली 'आकाश' टॅबलेटही तक्रारींत अडकली. बुद्धी होती, चिकाटी आणि ग्राहक दोन्ही कमी पडले. त्या ग्राहकांत आपणही येतो.

तेव्हा दुकानात गेल्यावर चित्रे लहान-मोठी करून पाहू नयेत. लेखणी मागावी. काही यंत्रे केवळ बोट ओळखतात, हे आधीच विचारून घ्यावे. मग मुलाला तळहात पटलावर टेकवून 'ज्ञानेश्वर' लिहायला सांगावे. तळहाताच्या रेघोट्या उमटल्या, तर ते यंत्र तिथेच ठेवून यावे.